जेएनयू की हैदराबाद विद्यापीठ? दोन्हीकडे नंबर लागला तर ठरवायचं कशावर

मार्चमध्ये सीयूईटी-पीजीचा पेपर होतो, मग निकाल लागतो आणि त्यानंतर विद्यापीठांच्या याद्या यायला लागतात. एम.ए. किंवा एम.एस्सी.साठी केंद्रीय विद्यापीठात जायचं ठरवलेल्या अनेक मराठी मुलामुलींच्या फॉर्मवर दोन नावं हमखास असतात. एक दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, म्हणजे जेएनयू. दुसरं हैदराबाद विद्यापीठ, ज्याला सगळे एचसीयू म्हणतात.

एकाच यादीत नाव आलं तर प्रश्न मिटतो. दोन्हीकडे आलं की घरात सभा भरते. काका म्हणतात, "दिल्लीत श्वास घेता येत नाही." मामा म्हणतात, "जेएनयूत पोरं अभ्यास सोडून घोषणा देतात." आई म्हणते, "हैदराबाद जवळ आहे." मित्र म्हणतो, "जेएनयू म्हणजे जेएनयू, नाव बघ की." सगळ्यांच्या म्हणण्यात थोडं थोडं तथ्य असतं, पण तेवढ्यावर आयुष्यातली दोन वर्षं कुठं घालवायची हे ठरवता येत नाही.

म्हणून या दोन विद्यापीठांची तुलना जरा नीट करू. हवामान, कॅम्पसवरचं वातावरण, राजकारण, अंतर आणि खर्च, एकेक करून.

आधी दोघांची ओळख

जेएनयूचा कायदा संसदेनं १९६६ मध्ये केला आणि १९६९ मध्ये विद्यापीठ सुरू झालं. दक्षिण दिल्लीत अरवलीच्या खडकाळ, झुडपी रांगेवर सुमारे हजार एकरांचा परिसर आहे. समाजशास्त्र, इतिहास, आंतरराष्ट्रीय संबंध आणि परदेशी भाषा ही त्याची मूळ ओळख. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी इथूनच एम.ए. झाले. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत विद्यापीठांच्या गटात जेएनयू दुसऱ्या क्रमांकावर असतं.

हैदराबाद विद्यापीठाचा जन्म थेट एका आंदोलनातून झाला. १९७० च्या आसपास आंध्र प्रदेशात तेलंगण आणि आंध्र असा वाद पेटला होता. तो शमवण्यासाठी सहा कलमी तोडगा निघाला आणि त्यातलं एक कलम होतं हैदराबादेत केंद्रीय विद्यापीठ काढायचं. त्यासाठी राज्यघटनेत ३७१-ई हे कलम घालावं लागलं. १९७४ मध्ये विद्यापीठ सुरू झालं ते सरोजिनी नायडूंच्या 'गोल्डन थ्रेशोल्ड' या घरात. नंतर ते शहराबाहेर गच्चीबावलीला सुमारे २,३०० एकरांवर गेलं. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र ही इथली मोठी ताकद. सोबत नाट्य, नृत्य, चित्रकला आणि जनसंवाद शिकवणारं सरोजिनी नायडू स्कूल आहे. २०१९ मध्ये केंद्रानं या विद्यापीठाला 'इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स'चा दर्जा दिला.

म्हणजे दोन्ही केंद्रीय, दोन्ही पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनावर भर देणारी, दोन्हीकडे देशभरातली मुलं. फरक आहे तो तिथल्या रोजच्या जगण्यात.

हवामान : प्रश्न आवडीचा नाही, सत्राचा आहे

हवामानाबद्दल बोलताना आपण "मला थंडी आवडते" किंवा "मला उकाडा सहन होत नाही" असं म्हणतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला हा हिशेब पुरत नाही. बघायचं ते असं की वर्षातला कोणता महिना अभ्यासाच्या कोणत्या टप्प्यावर येतो.

एम.ए.ची चार सत्रं असतात. पावसाळ्यात सुरू होणारं सत्र डिसेंबरच्या आसपास संपतं, हिवाळ्यात सुरू होणारं मे महिन्यात.

आता दिल्लीचं कॅलेंडर बघा. पाऊस थांबला की ऑक्टोबरपासून हवा बिघडायला लागते. वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत अडकते. त्यात वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, पंजाब-हरियाणातल्या भाताच्या काडाचा धूर मिसळतो. नोव्हेंबरात परिस्थिती सगळ्यात वाईट होते. १८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४९० च्या पुढे गेला. हा निर्देशांक मोजायची पट्टीच ५०० ला संपते. त्या आठवड्यात जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ दोघांनीही वर्ग ऑनलाइन केले.

म्हणजे ज्या आठवड्यांत टर्म पेपर लिहायचे, ग्रंथालयात बसायचं, परीक्षेची तयारी करायची, नेमके तेच आठवडे दिल्लीतल्या सगळ्यात खराब हवेचे. चार सत्रांपैकी दोन सत्रांचा शेवट असा होतो. त्यापुढं डिसेंबरअखेर आणि जानेवारीत धुकं आणि कडाका. रात्रीचं तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या मुलानं अशी थंडी पाहिलेली नसते. रजई, थर्मल, जाड मोजे हा खर्च पहिल्याच वर्षी धरावा लागतो. हॉस्टेलांत हीटर लावायला सहसा परवानगी नसते, हेही लक्षात ठेवा.

दुसऱ्या टोकाला मे. २९ मे २०२४ ला दिल्लीच्या सफदरजंग केंद्रावर पारा ४६.८ अंशांवर गेला. ७९ वर्षांतलं ते सर्वाधिक तापमान होतं. परीक्षा त्याच सुमारास संपत असतात.

मग दिल्लीत चांगले दिवस नसतातच का? असतात, आणि फार चांगले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जेएनयूच्या रस्त्यांवर बोगनवेल फुलते, उन्हात बसून वाचता येतं, शहरभर व्याख्यानं आणि पुस्तकांचे कार्यक्रम सुरू असतात. पावसात अरवलीचा तो कोरडा तुकडा हिरवागार होतो. फक्त हे दिवस थोडे असतात.

हैदराबाद दख्खनच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर. एप्रिल-मेमध्ये तिथंही पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे "हैदराबाद थंड आहे" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण विदर्भ-मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हा उन्हाळा ओळखीचा वाटेल. हिवाळा सौम्य असतो. गंमत म्हणजे विद्यापीठाचा परिसर झाडांमुळे आणि मोकळ्या जागेमुळे शहरापेक्षा गार असतो. थंडीच्या दिवसांत हैदराबादमधल्या सर्वात कमी तापमानाच्या बातमीत विद्यापीठाचं नाव अनेकदा दिसतं. हिवाळ्यात हवाही तिथं बिघडते, कारण आजूबाजूला आयटी कंपन्यांचा पट्टा आणि सतत चाललेली बांधकामं आहेत. तरी दिल्लीसारखी वर्ग बंद करण्याची वेळ येत नाही.

थोडक्यात, दमा, सायनस किंवा हृदयाचा त्रास असेल तर हवामान हा निर्णयातला पहिला मुद्दा ठरतो आणि हैदराबादचं पारडं जड होतं. अशा वेळी "होईल सवय" म्हणणाऱ्या नातेवाइकांपेक्षा आपल्या डॉक्टरांना विचारा. तब्येत ठणठणीत असेल तर दिल्लीचा हिवाळा निभावता येतो, पण त्याची किंमत मास्क, औषधं आणि बुडालेल्या दिवसांत मोजावी लागते.

कॅम्पस : रात्री अकरानंतर काय चालतं?

विद्यापीठाचं खरं रूप वर्ग सुटल्यावर कळतं. दोन्ही विद्यापीठं निवासी आहेत, त्यामुळे रात्र हा तिथल्या शिक्षणाचाच भाग असतो.

जेएनयूत रात्रीची जेवणं झाली की मेसमध्ये टेबलं सरकवून सभा भरते. कधी प्राध्यापक येतात, कधी पत्रकार, कधी एखाद्या आंदोलनातला कार्यकर्ता. नंतर गंगा ढाब्यावर चहा आणि उरलेली चर्चा. मुलींच्या हॉस्टेलला रात्री ठरावीक वेळेत परतायचा नियम नसणं ही जेएनयूची जुनी ओळख. महाराष्ट्रातल्या हॉस्टेलांत साडेसात-आठची घंटा ऐकत वाढलेल्या मुलींना हा बदल किती मोठा असतो, हे त्यांनाच विचारा. हॉस्टेलांना नद्यांची नावं आहेत. गोदावरी, कोयना, चंद्रभागा ही नावं पाटीवर वाचली की मराठी मुलांना पहिल्या दिवशी जरा बरं वाटतं.

हैदराबाद विद्यापीठात रात्र जमते ती 'शॉपकॉम'ला, म्हणजे कॅम्पसवरच्या शॉपिंग कॉम्प्लेक्सला. तिथंही चहा, तिथंही पोस्टर, तिथंही वाद. पण कॅम्पस इतका पसरलेला आहे की सायकल घ्यावीच लागते. मोठमोठे खडक, तळी, हरणं, मोर. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी असल्यामुळे प्रयोगशाळांचे दिवे उशिरापर्यंत चालू असतात. शेजारच्या खोलीत कुणी केमिस्ट्रीवाला, समोर कुणी नाटक शिकणारी, असा शेजार मिळतो. वर्षाकाठी 'सुकून' हा मोठा सांस्कृतिक महोत्सव होतो.

साध्या भाषेत सांगायचं तर जेएनयू तुम्हाला बोलायला लावतं. वर्गात, मेसमध्ये, रस्त्यावर, सगळीकडे तुमचं मत काय हे विचारलं जातं. ज्याला बोलायचं आहे त्याच्यासाठी ही पर्वणी. ज्याचं इंग्रजी किंवा हिंदी अजून कच्चं आहे, त्याला पहिलं सत्र जड जातं. हैदराबादेत स्वतःच्या गतीनं रुळायला थोडी जास्त जागा मिळते. अर्थात हा ढोबळ फरक झाला. गप्प मुलं जेएनयूतही टिकतात आणि भांडखोर मुलं हैदराबादेतही भरपूर आहेत.

"तिकडं राजकारण फार आहे," याचं काय?

हा आक्षेप बहुतेक वेळा एकट्या जेएनयूवर घेतला जातो. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

१७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला या दलित संशोधक विद्यार्थ्यानं आत्महत्या केली. त्याच्यासह पाच विद्यार्थ्यांना त्याआधी हॉस्टेलमधून काढण्यात आलं होतं. त्यावरून देशभर आंदोलनं झाली. त्यानंतर महिनाभरातच, ९ फेब्रुवारीला, जेएनयूतल्या एका कार्यक्रमावरून राजद्रोहाचे गुन्हे दाखल झाले आणि तो वादही देशभर गेला. म्हणजे २०१६ ची सुरुवात दोन्ही कॅम्पसनी पेटवली होती. टीव्हीवर एकाचं नाव जास्त गाजलं, इतकंच.

राजकारणाचा पोतही वेगळा आहे. जेएनयूत दीर्घकाळ डाव्या संघटनांचा प्रभाव राहिला आणि अभाविप हा त्यांचा मुख्य प्रतिस्पर्धी. निवडणूक विद्यार्थ्यांमधूनच निवडलेली समिती घेते आणि मतदानाआधी अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर चर्चा होते. ती ऐकायला रात्रभर गर्दी असते. हैदराबादेत १९९० च्या दशकापासून आंबेडकरी विद्यार्थी चळवळ मजबूत आहे, त्यामुळे तिथल्या चर्चेत जात हा विषय केंद्रस्थानी असतो. २०२५ मध्ये तर उलटीच चित्रं दिसली. सप्टेंबरात हैदराबाद विद्यापीठाची निवडणूक अभाविपच्या पॅनेलनं जिंकली आणि नोव्हेंबरात जेएनयूतल्या चारही मुख्य जागा डाव्या आघाडीनं घेतल्या. अमुक कॅम्पस अमुक विचाराचा, हे दरवर्षी नव्यानं तपासावं लागतं.

दुसरं, या मोकळेपणालाही नियमांच्या चौकटी आल्या आहेत. २०२३ च्या अखेरीस जेएनयूचे नवे शिस्त-नियम चर्चेत आले. शैक्षणिक इमारतींपासून शंभर मीटरच्या आत धरणं धरल्यास वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद होती. त्याआधी ५ जानेवारी २०२० ला तोंडं झाकलेल्या टोळक्यानं हॉस्टेलांत घुसून विद्यार्थी आणि शिक्षकांना मारहाण केली होती. तेव्हा दहा वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या दादाच्या आठवणींवर विसंबून जेएनयू निवडलं, तर आज तिथं गेल्यावर वेगळंच काही दिसू शकतं.

आणि आईवडिलांचा खरा प्रश्न, "राजकारणात पडलं नाही तर चालतं का?" चालतं. दोन्हीकडे बहुसंख्य विद्यार्थी पदाधिकारी नसतात. ते सभा ऐकतात, मत देतात आणि पेपर लिहायला परत जातात.

कॅम्पसची जमीनच वादात आली तर?

हैदराबादच्या बाजूनं बोलताना लोक सगळ्यात आधी तिथली झाडं दाखवतात. पण तीही कायमची धरता येत नाहीत, हे २०२५ मध्ये दिसलं.

विद्यापीठाला लागून कांचा गच्चीबावलीची ४०० एकर जमीन आहे. २००३ मध्ये तेव्हाच्या आंध्र सरकारनं ती एका क्रीडा कंपनीला दिली, २००६ मध्ये परत घेतली आणि मग वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालला. निकाल राज्याच्या बाजूनं लागल्यावर तेलंगण सरकारनं ती जमीन आयटी आणि इतर प्रकल्पांसाठी लिलावात काढायचं ठरवलं. ३० मार्च २०२५ ला बुलडोझर आले. विद्यार्थी आडवे आले, अनेकांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. झाडं पडत असतानाचे आणि मोर ओरडत असल्याचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. त्यातले काही एआयनं बनवलेले होते, यावरूनही पुढं वाद झाला.

सरकार म्हणत होतं, जमीन आमची आहे, विद्यापीठाची नाही. विद्यार्थी म्हणत होते, मालकी कुणाचीही असो, हे जंगल आहे. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन झाडतोड थांबवली. तोवर सुमारे शंभर एकरांवरची झाडी साफ झाली होती.

यात लक्षात घेण्यासारखं काय? हवामान आणि कॅम्पसची संस्कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण धरून चालतो. कांचा गच्चीबावलीत त्या एकत्र आल्या. ज्या झाडीमुळे कॅम्पस गार राहतो, ती वाचवायला विद्यार्थी संघटना एकत्र आल्या. जिथं विद्यार्थी प्रश्न विचारतात, तिथं निदान जाब तरी विचारला जातो.

भाषा, अंतर आणि खिसा

हैदराबादशी आपलं नातं जुनं आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. तिथल्या दखनी बोलीतला 'नक्को' हा आपल्या 'नको'चाच भाऊ, आणि जोर द्यायचा 'च'सुद्धा तिनं मराठीकडूनच उचलला. नांदेड, परभणी, लातूर, सोलापूरच्या मुलांना रात्री गाडीत बसलं की सकाळी हैदराबाद. आजी आजारी पडली, घरात लग्न निघालं, तर शनिवार-रविवारात जाऊन येता येतं. पहिल्या सत्रात घरची आठवण काढून रडणाऱ्या मुलासाठी ही लहान गोष्ट नसते. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं किंवा पुण्याहून झेलमनं दिल्ली गाठायला मात्र चोवीस तासांहून जास्त लागतात. नागपूरकरांचं बरं आहे, त्यांना दोन्ही शहरं एका रात्रीच्या अंतरावर.

दिल्लीत हिंदीवर काम भागतं. हैदराबादेत कॅम्पसवर इंग्रजी, हिंदी, तेलुगू, मल्याळम सगळं चालतं, पण बाहेर तेलुगूचे चार शब्द आले तर बरं. मराठीत संशोधन करायचं असेल तर एक नवी गोष्ट. जुलै २०२५ मध्ये जेएनयूत कुसुमाग्रजांच्या नावानं मराठी भाषा, साहित्य आणि संस्कृतीचं केंद्र सुरू झालं.

खर्चाचं बघू. जेएनयूची फी देशातल्या सगळ्यात कमी फीपैकी एक आहे. २०१९ मध्ये हॉस्टेलच्या एकट्याच्या खोलीचं भाडं महिना २० रुपयांवरून ६०० करायचं ठरलं, तेव्हा मोठं आंदोलन झालं आणि वाढ काही प्रमाणात मागे घ्यावी लागली. बाहेरच्यांना २० रुपये हा विनोद वाटला. पण तिथं महिन्याला घरून दोन हजार येणारी मुलंही शिकतात, हे त्या विनोदात हरवलं. हैदराबाद विद्यापीठाची फी जेएनयूपेक्षा जास्त आहे, तरी खासगी विद्यापीठांच्या तुलनेत खूपच कमी.

खरा खड्डा पडतो तो हॉस्टेल मिळालं नाही तर. जेएनयूच्या बाहेर मुनिरका, बेर सराय, कटवारिया सराय या दाट वस्त्यांत खोली शोधावी लागते. हैदराबादेत गच्चीबावली आणि लिंगमपल्ली हा आयटीवाल्यांचा भाग, तिथली भाडी त्यांच्या पगारावर ठरतात. म्हणून प्रवेशाच्या पत्रात हॉस्टेलबद्दल काय लिहिलंय ते दोनदा वाचा.

मग ठरवायचं कसं?

क्रम असा ठेवा. पहिला विषय आणि विभाग. आंतरराष्ट्रीय संबंध किंवा परदेशी भाषा असेल तर जेएनयूच्या जवळपास फारसं कुणी नाही, दिल्लीचा हिवाळा सोसावा. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, नाट्य किंवा नृत्य असेल तर हैदराबादचा विचार आधी करा. विभागात सध्या कोण शिकवतं, किती जागा रिकाम्या आहेत, हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिसतं.

विषय दोन्हीकडे सारखा चांगला असेल, उदाहरणार्थ इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इंग्रजी, तर दुसऱ्या क्रमांकावर तब्येत आणि हवामान ठेवा. नाव त्यानंतर. क्रमवारीतला फरक नोकरीच्या अर्जावर एका ओळीत येतो, खोकला दोन हिवाळे सोबत राहतो.

तिसरं, सध्या तिथं शिकत असलेल्या दोन मराठी विद्यार्थ्यांना फोन करा. एक तुमच्या विभागातला, एक तुमच्यासारख्याच घरातून आलेला. "कसं आहे?" असं विचारू नका, "मस्त आहे" एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा हे विचारा : गेल्या नोव्हेंबरात किती वर्ग प्रत्यक्ष झाले? हॉस्टेल कितव्या महिन्यात मिळालं? वर्गात मराठी माध्यमातून आलेल्याला बोलायला संधी मिळते का? रात्री ग्रंथालयातून एकटीनं परतताना भीती वाटते का? काही चुकीचं घडलं तर तक्रार कुणाकडे करता, आणि पुढं काय होतं?

चौथं, शिष्यवृत्ती. महाराष्ट्र सरकारच्या ज्या योजनेवर तुमचं शिक्षण चाललंय, ती राज्याबाहेरच्या विद्यापीठाला लागू होते का, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन लेखी विचारा. प्रवेश घेतल्यावर हे कळणं महागात पडतं.

आणि शेवटी घरातल्या सभेबद्दल. काकांना दिल्लीची हवा माहीत आहे ती बातम्यांतून, मामांना जेएनयू माहीत आहे ते टीव्हीवरून, मित्राला क्रमवारी माहीत आहे ती इन्स्टावरून. तिथं राहायचं तुम्हाला आहे. त्यामुळे नोव्हेंबरातला एक साधा मंगळवार डोळ्यांसमोर आणा : सकाळी खिडकी उघडल्यावर काय दिसेल, दुपारी कोण शिकवेल, रात्री कुणासोबत जेवाल. दोन्ही शहरांसाठी हा दिवस कागदावर लिहून काढा आणि सभेत तो कागद वाचून दाखवा. निदान मग भांडण तरी मुद्द्यावर होईल.